बापाची सही

३ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी बारा.

नवी वही. जुनी सापडत नाही. आजपासून रोज लिहायचं म्हणजे लिहायचं.

संकल्प तीन. एक, डेंटिस्टच्या वेटिंग रूममधल्या आठ खुर्च्या नव्याने मढवून शुक्रवारपर्यंत देऊन टाकायच्या. फोम आणून ठेवलाय, म्हणजे निम्मं काम झालंच. दोन, मुलीचा रोज अर्धा तास अभ्यास घ्यायचा. तीन, संध्याकाळी सहाच्या आत वनस्पती नाही.

लोक गांजा म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, त्याला पोलीस चौकीचा वास येतो. मी वनस्पती म्हणतो. ज्याच्याकडून घेतो त्याला वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतो. दारूडे, सिगारेटवाले आणि दिवसाला चौदा कप चहा ढोसणारे मला नावं ठेवतात, हा विनोद आहे.

सकाळी बायकोचा फोन. जूनपासून ती दुसऱ्या गावी हॉस्पिटलात नोकरीला आहे, मुलगी माझ्याकडे. म्हणाली, सत्तावीस तारखेला येतेय. शाळेतल्या समुपदेशक बाईंशी बोलणं झालंय, त्या घरी येऊन बघणार, मग सगळे बसू. मुलगी तुझ्याकडे नीट असेल तर वर्ष संपेपर्यंत राहू दे, नसेल तर माझ्या ताईकडे जाईल.

नीट असेल तर! आठ वर्षांची पोर पाच महिने मी एकट्याने सांभाळली. सर्टिफिकेट मात्र बाहेरची बाई देणार.

४ नोव्हेंबर. दहा वाजून पाच.

आत्ताच उठलो. मॅनेजर शाळेत गेलेली. मॅनेजर म्हणजे मुलगी, मीच ठेवलेलं नाव. स्वतः उठते, डबा भरते, वेणी घालते, दोन गल्ल्या आणि एक सिग्नल ओलांडून चालत शाळेत जाते. माझ्यासाठी टोस्ट करून वर ताटली झाकून ठेवली होती, माशी बसू नये म्हणून.

बाकीचे आईबाप पोरांच्या बुटाच्या नाड्या बांधत दारात ओणवे असतात. बघून कीव येते. मी स्वावलंबन शिकवलं. ते शिकवायचं म्हणजे बापाने थोडं बाजूला व्हावं लागतं, आणि ते सगळ्यांना जमत नाही.

दुपारी मेहुणी टपकली. बायकोची थोरली बहीण, मी तिला चौकशी समिती म्हणतो. दारातच नाक वर करून उभी. म्हणाली, अहो, हा वास कसला? सांगितलं, रेक्झिन चिकटवायचं सोल्युशन. म्हणाली, सोल्युशनचा वास मला कळतो, माझ्या माहेरी चपला शिवायचे. मग पोरीचा सुकवलेला गणवेश दोरीवरून काढून हुंगला. दुसऱ्याच्या घरातले कपडे हुंगणारी बाई मुलं वाढवायच्या गोष्टी करते.

सहाच्या आधी एक घेतली. पाहुणी येऊन गेली की घड्याळ धरत नाहीत.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

अभ्यास घ्यायला बसलो. दप्तरात एक निळी वही मिळाली. शाळेचा नियम म्हणे, रोज वर्गबाई सूचना लिहितात आणि खाली पालकाने सही करायची. मी अशी वही जन्मात पाहिलेली नाही. उघडली तर पानोपान माझ्या सह्या. जुलैपासून, एकही दिवस चुकलेला नाही.

क्षणभर मला वाटलं, मीच केल्या असतील. तसं व्हायचं काही वेळा. पण इतक्या सुबक सह्या माझ्या हातून होत नाहीत. पहिलं अक्षर, मग लाट, मग शेपूट उजवीकडे वर. सगळ्या एकाच मापाच्या.

विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, तू झोपलेला असतोस ना. सही नसली की बाई उभं करतात. पहिल्यांदा तुला उठवलं होतं, तर तू माझ्या हातावर सही केलीस.

रागवायचं ठरवलं होतं. पण शेपूट पाहून राग राहिना. आठ वर्षांची पोर, आणि हातात काय वळण! कला आमच्या घराण्यातच आहे. तिला सांगितलं की ही आपली गंमत, कुणाला सांगायची नाही. ती म्हणाली, मी कुठे सांगते.

अभ्यास राहिला. उद्या तासभर घेईन.

८ नोव्हेंबर, शनिवार.

बापलेकीचा सुवर्णदिन. सकाळी एक घेतली आणि अशी सुंदर कल्पना सुचली! डेंटिस्टचा सगळा फोम काढून हॉलमध्ये किल्ला बांधला. चार बुरूज, दरवाजा, आत गुहा. तीन तास खेळलो. मी राक्षस झालो होतो. पोर इतकी हसली की तिला ठसका लागला. खोकला जरा जास्तच येतो तिला. शाळेतल्या खडूची धूळ, दुसरं काय. सुटाबुटातले बाप रविवारी पोरांना मॉलमध्ये फिरवतात आणि मोबाईल बघतात. एकाने तरी राक्षस होऊन दाखवावं.

चार वाजता गुहेतून डोकं काढून तिने विचारलं, बाबा, आज जेवण आहे का? मी म्हटलं, आत्ताच तर जेवलो. ती म्हणाली, ते काल.

मग तिनेच नूडल्स केले. तिचा हात गॅसपर्यंत पोचावा म्हणून मी मागे एक खास स्टूल बनवलंय. दोन इंची फोम, हिरवं रेक्झिन, कडेने पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे. दुकानात असं स्टूल मिळणार नाही. कोणता बाप एवढा विचार करतो?

डेंटिस्टचा फोम दोन ठिकाणी फाटला. तो राक्षस मीच.

११ नोव्हेंबर. संध्याकाळी सात.

शाळेवर मी केस करू शकतो. आज शाळा अर्धा दिवस, साडेअकराला सुटली. पालकांनी स्वतः येऊन न्यावं, असा फतवा. मला कुणी सांगितलं? मी गॅलरीत बसून खुर्च्यांच्या डिझाइनचा विचार करत होतो. अडीचला वॉचमनचा फोन आला. पोर गेटवर त्याच्या स्टुलावर बसलेली, हातात त्याने दिलेली बिस्किटं.

स्कूटरवरून गेलो. डोकं जरा हलकं होतं, पण माझं ड्रायव्हिंग तशा वेळी जास्त सावध असतं. येताना ती मागून सांगत होती, बाबा डावीकडे, बाबा सिग्नल लाल आहे, बाबा थांब. तिचं दिशांचं ज्ञान चांगलं झालंय.

घरी येऊन कडक पत्र लिहायला बसलो. पालकांना पूर्वसूचना न देता वगैरे. मग निळी वही काढली. सूचना होती, लाल शाईत, चौकटीत. खाली सही. वाचली, समजली, मुलीस न्यायला येईन. सही माझी.

पत्र फाडून टाकलं. पोरीला विचारलं, मला सांगायचं नाही का? ती म्हणाली, सांगितलं होतं, दोनदा. तू हो म्हणालास.

१२ नोव्हेंबर.

कानाला खडा. आजपासून बंद, पूर्ण बंद. वनस्पतीची डबी फेकणार होतो, पण फेकलेली वस्तू कचऱ्यातून काढता येते. माझ्यातली इच्छाशक्ती आणि माझ्यातली हुशारी यांच्यात हुशारी वरचढ आहे, हे मी जाणतो. म्हणून डबी फोममध्ये कोरून बसवली, वर रेक्झिन ताणलं, दाभणाने पक्कं शिवलं. आता ते उसवायचं म्हणजे स्वतःचं काम स्वतः मोडायचं. कुठलाच कारागीर ते करणार नाही.

हलकं वाटतंय. घर झाडलं. स्वतः.

१३ नोव्हेंबर. दुपार.

कुठल्या खुर्चीत शिवली, ते आठवत नाही.

१३ नोव्हेंबर. चार वाजता.

सहा उसवल्या. नाही.

१३ नोव्हेंबर. पाच.

आठही उसवल्या. हॉलभर काथ्या. पोर शाळेतून आली, दप्तर ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, स्टुलात आहे.

माझं स्टूल! म्हणजे तिचं. हिरवं. मी हातात ब्लेड घेतलं तेव्हा ती म्हणाली, थांब, मी चुका काढते, तू कापलंस तर फाटेल. बसून एकेक पितळी चूक काढली, बशीत मोजून ठेवली, डबी माझ्या हातात दिली आणि पुन्हा एकेक ठोकली. हातोडी कशी धरायची, हे मी तिला कधी शिकवलं, आठवत नाही. शिकवलंच असणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

आज माझं जे झालं ते शत्रूचंही होऊ नये.

समुपदेशक बाई गुरुवारी येणार म्हणून काल ठरवलं, आता निळ्या वहीत सही आपणच करायची. केली. झोकात. आज पोर शाळेतून आली, वहीत वर्गबाईंचा शेरा : सही पालकांचीच हवी. मुलीने स्वतः सही करू नये, ही गंभीर बाब आहे.

माझी खरी सही खोटी! डोक्यात तिडीक गेली. शांत व्हायला एक घेतली, पुरली नाही, दुसरी घेतली आणि पोर आणि वही घेऊन शाळेच्या स्टाफरूममध्ये गेलो. वर्गबाई म्हणजे पंचविशीतली पोरगी, तिला कसली गंभीर बाब कळणार? पण तिने थंडपणे चार महिन्यांची पानं उलटून दाखवली. या बघा तुमच्या सह्या, आणि ही कालची. तुम्हीच सांगा, कोणती खोटी वाटते?

मी म्हटलं, कागद द्या, समोर करून दाखवतो. केली. ती कालच्या सहीसारखी नव्हती. दुसरी केली. ती पहिलीसारखी नव्हती. तिसरीचं शेपूट डावीकडे गेलं. दोन शिक्षिका चहा प्यायच्या थांबल्या.

तेवढ्यात पोर पुढे आली आणि म्हणाली, बाई, कालची मी केली होती. बाबांचा हात दुखतोय म्हणून त्यांची आज नीट येत नाहीये. चुकलं माझं.

बाईंनी तिला समज दिली. उद्या मधल्या सुट्टीत वर्गात बसून पन्नास वेळा लिहायचं, मी खोटी सही करणार नाही. प्रकरण मिटलं. मला फार मोकळं वाटलं. घरी येताना तिला आईस्क्रीम द्यायचं ठरवलं, पण पाकीट घरी राहिलं होतं.

तिने एक अक्षर तक्रार केली नाही. गुणी पोर आहे. माझ्यावर गेलीय.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

समुपदेशक बाई येऊन गेल्या. पास! शंभरपैकी नव्वद.

खिडक्या सकाळपासून उघड्या. लिंबू कापून ठेवलेलं. ही सगळी मॅनेजरची व्यवस्था. बाई स्वयंपाकघरात गेल्या, तिथे डब्यांवर पोरीने लावलेल्या चिठ्ठ्या वाचत उभ्या राहिल्या. साखर. मीठ. दूध उकळताना इथेच उभं राहणे. रात्री गॅस बंद केला का बघणे, बाबा विसरतो. शेवटच्या फळीवर माझी डबी, तिच्यावर : बाबाचं, कुणी हात लावू नये. शेजारी हसरा चेहरा. मी म्हटलं, तंबाखू, काय करणार, जुनी सवय. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. अक्षराचं कौतुक केलं असणार.

मग पोरीला प्रश्न. मी दाराआडून ऐकत होतो. सकाळी कोण उठवतं? बाबा. डबा कोण करतो? बाबा. त्यात काय असतं? अंडं, दोन टोस्ट, सोमवारी केळं. एवढा तपशील! मी पढवलं नव्हतं, शपथ. खोकला कधीपासून? पावसात भिजले होते. वर्गात झोप का येते? गोष्टीचं पुस्तक वाचत बसते.

अर्धा क्षण मलाही वाटलं की मी असा आहे. फार छान माणूस वाटला तो.

मला विचारलं, हिच्या बुटाचा नंबर? म्हटलं, वाढतं वय आहे, रोज बदलतो. जवळची मैत्रीण कोण? पाचसहा आहेत. कुठल्या औषधाची अॅलर्जी? कुठल्याच नाही. आतून आवाज आला, पिवळ्या गोळीची, बाबा, आईने कागद लावलाय. बाई हसल्या नाहीत. असल्या बायकांना विनोदाचं वावडंच असतं.

२४ नोव्हेंबर.

डेंटिस्टचा फोन. म्हणाला, पेशंट तीन आठवडे उभे आहेत. म्हटलं, तुमच्या खुर्चीत बसायचं आहे म्हटल्यावर उभंच राहावंसं वाटत असेल. खुर्च्या परत मागितल्या. कलेची कदर नाही.

आठांपैकी दोन झाल्यात. एकीला पाठ उलटी बसलीय, पण बसता येतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार. दुपार.

उद्या मीटिंग. आज निरोपाची शेवटची. उद्यापासून नवा बाप. अलार्म सहाचा.

पोरीने माझा शर्ट इस्त्री करून ठेवला. मग विचारलं, बाबा, उद्या मी काय सांगू? म्हटलं, खरं ते सांग. तिने कॉलर उलटी करून पुन्हा इस्त्री फिरवली.

मावशीकडे जायचंय का, विचारलं. नको म्हणाली. बघा, बायकोने कान उघडून ऐकावं! कारण विचारलं तर म्हणाली, मग तुझ्याकडे कोण बघणार?

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

नीट लिहितो.

अलार्म वाजला असेल. पोरीने साडेआठला उठवलं. जाण्यापूर्वी अर्धी घेतली, कालची उरलेली होती म्हणून. वीस मिनिटं उशीर. मुख्याध्यापकांची खोली. बायको, मेहुणी, समुपदेशक बाई, वर्गबाई. बायको वाळलीय. पोर आत येताच तिने उठून तिला पोटाशी धरलं आणि केसांचा वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

तरी माझंच पारडं जड होतं, हे मी शपथेवर सांगेन. समुपदेशक बाई म्हणाल्या, मला शंका खूप आहेत, पण मुलगी ठामपणे वडिलांजवळ राहायचं म्हणतेय. एक लेखी हमी घेऊ. घरात नशा नाही, मुलीला एकटं ठेवणार नाही, सकाळी स्वतः शाळेत सोडणार. महिनाभराने पुन्हा बघू. मेहुणीने तोंड वाकडं केलं. बायको म्हणाली, ठीक आहे, तिचं मन मोडायचं नाही मला.

जिंकलो होतो! कागद समोर आला. बाई म्हणाल्या, इथे पालकांची सही.

पेन घेतलं. आणि हात थांबला. कुठली करू? माझी केली तर वर्गबाई समोर बसलेली, पुन्हा म्हणेल खोटी. पोरीची करावी तर येत नाही. लाट कुठे सुरू होते, तेच आठवेना. सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

शेजारी बसलेली पोर हळूच म्हणाली, दे इकडे. माझ्या बोटांतून पेन काढून घेतलं, कागद स्वतःकडे वळवला आणि सही केली. पहिलं अक्षर, लाट, शेपूट. टोपण लावलं, पेन मला परत दिलं. रोजच्यासारखं.

वर्गबाईंनी निळी वही ओढली, उघडली, मिटली. मला वाटतं तिचे डोळे भरले होते, पन्नास ओळी आठवल्या असतील.

मग पोरीला कळलं. ती रडायला लागली. तिच्या आईला सांगत होती, बाबा वाईट नाहीये गं, फक्त झोपतो. मला सगळं येतं. खरंच सगळं येतं मला. दूध पण येतं.

बायकोने तिला मांडीवर घेतलं. आठ वर्षांची, पाय जमिनीला लागत होते. मला वाटलं बायको ओरडेल. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. ती ओरडली नाही. म्हणाली, तुझी सही करायलाही तीच लागते रे.

समुपदेशक बाईंनी हमीचा कागद काढून घेतला.

२८ नोव्हेंबर.

मेहुणी सामान न्यायला आली. एक बॅग, दप्तर, खोकल्याचं औषध. खोकल्याचं औषध घरात होतं, हे मला माहीत नव्हतं.

पोरीने विचारलं, स्टूल नेऊ का? मेहुणी म्हणाली, आमच्याकडे मुलांना गॅसजवळ उभं राहावं लागत नाही, राणी. टोमणा मला. पोरीच्या समोर बोलायची पद्धत असते काही.

फ्रिजवर पोरीने कागद लावून ठेवलाय. सकाळी सात, उठणे. दुधाला भांडं मोठं घेणे. डेंटिस्टना फोन करणे, सॉरी म्हणणे. झोपायच्या आधी गॅस. शेवटी : मी नाहीये, म्हणून दोनदा बघणे.

बाप आहे मी, तिचा नोकर नाही. कागद काढणार होतो. राहू दिला.

घर शांत आहे. आता कामाला वेग येईल. खुर्च्या सोमवारपर्यंत नक्की. सहाच्या आधी वनस्पती नाही. सहा वाजले हे सांगायला मात्र आता घरात कुणी नाही, म्हणून अंदाजाने.

१ डिसेंबर, सोमवार.

शाळेच्या ऑफिसातून फॉर्म आला. मुलीला रोज मावशीच्या ताब्यात द्यायला माझी परवानगी. हिरव्या स्टुलावर बसून सही केली आणि स्वतः नेऊन दिला. क्लार्कने चष्मा वर करून रेकॉर्ड काढलं, दोन्ही कागद शेजारी धरले आणि परत दिला. सही जुळत नाही.

घरी येऊन सराव केला. एक पान भरलं. शेपूट जमतं, लाट जमत नाही.

उद्या फॉर्म मेहुणीकडे पाठवतो. पोर करून देईल.